पैसे देऊन सोबत: करार कुठे टिकतो आणि कुठे गळतो

पुण्यात पैसे देऊन माणसाची सोबत घेण्याचे सध्या ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा: मुलं परदेशात, आईवडील कोथरूडला किंवा सहकारनगरला, आणि घरी देखभालीला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली १२ किंवा २४ तासांची ताई किंवा दादा. दुसरा तासाच्या दराचा: दवाखान्यात, बँकेत, बालगंधर्वला नाटकाला बरोबर येणारी व्यक्ती, फोनवर किंवा ॲपवर ठरवलेली. आणि तिसरा, जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात 'दिलेली रक्कम केवळ वेळेची व सहवासाची आहे, पुढे जे घडेल ते दोन प्रौढांच्या संमतीने' असं छापणारा.

तिन्हींच्या कागदांवर एक वाक्य हटकून असतं: 'आमची कोणतीही जबाबदारी राहणार नाही.' लिहिणाऱ्याला त्यावर फार भरवसा असतो. कोर्टाला नसतो. करार टिकतो की नाही हे त्या वाक्यावर ठरत नाही. पैसे नेमके कशाचे, कामं कोणती, सही कोणाची आणि ती कोणत्या परिस्थितीत झाली, यावर ठरतं. म्हणून कागद हातात आल्यावर तो खालच्या क्रमाने तपासावा.

आधी उद्देश तपासा

भारतीय करार अधिनियम, १८७२ (पुढे कायद्याचं नाव न घेता नुसतं 'कलम' म्हटलं आहे तिथे हाच) चं कलम १० सांगतं की सक्षम व्यक्तींनी, मोकळ्या संमतीने, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर उद्देशाने केलेला करार बंधनकारक असतो. सोबत देणं, गप्पा मारणं, वाचून दाखवणं, बरोबर फिरायला जाणं यात बेकायदा काहीच नाही. त्यामुळे पहिल्या दोन प्रकारांचे करार मुळात वैध आहेत. तोंडी असले तरी वैध असतात. फक्त सिद्ध करताना घाम फुटतो.

तिसऱ्या प्रकारात कलम २३ आडवं येतं. उद्देश किंवा मोबदला अनैतिक असेल, तर करार शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालेलाच नाही. 'अनैतिक' म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरुलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या खटल्यात हाताळला. प्रकरण सट्टेबाजीच्या भागीदारीचं होतं. न्यायालयाने म्हटलं की करारापुरती ही संकल्पना लैंगिक अनैतिकतेपर्यंत मर्यादित आहे. सट्ट्याचा करार त्यामुळे या कलमातून सुटला. शरीरसंबंधांच्या मोबदल्याचा करार मात्र नेमका त्यातच सापडतो.

मग 'पैसे फक्त वेळेचे' या ओळीने काय साधतं? फारसं काहीच नाही. लेखी कराराच्या विरोधात तोंडी पुरावा चालत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ मध्ये (जुन्या कायद्यात ९२) त्याला स्पष्ट अपवाद आहे: फसवणूक, धाकदपटशा, बेकायदेशीरपणा अशी करारच रद्द करणारी कोणतीही गोष्ट बाहेरच्या पुराव्याने दाखवता येते. व्हॉट्सॲपवरची बोलणी, दरपत्रक, जाहिरातीतले फोटो, ठिकाण, वेळ हे सगळं एकत्र वाचलं जातं, आणि तळाशी छापलेली ओळ त्यातलाच एक तुकडा ठरते. कधी कधी उलटही होतं. ज्या सेवेत आक्षेपार्ह काही नाही, तिथे असली ओळ कशाला हवी, हा प्रश्न समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे, प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने केलेल्या देहविक्रयाबद्दल पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, हे अधोरेखित झालं. याचा अर्थ त्या व्यवहाराचे पैसे दिवाणी दाव्याने वसूल होतात, असा नव्हे. गुन्हा नसणं आणि करार अंमलात आणता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं आणि माणसं पुरवणं हे अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ खाली आजही गुन्हेच आहेत, त्यामुळे मधल्या 'एजन्सी'ला ती ओळ मुळीच वाचवत नाही.

परिणाम असा, की अशा व्यवहारात पैसे बुडाले किंवा सेवा मिळाली नाही, तर दिवाणी न्यायालय सहसा दोघांनाही आहे त्या जागी सोडून देतं. कलम ६५ खाली पैसे परत मागता येतात, पण करार शून्य असल्याचं नंतर उघड झालं असेल तेव्हा. सुरुवातीपासून माहीत असलेल्याला त्याचा आधार मिळणं कठीण.

कलम २४ आणि ५७ यांची जोडी पहिल्या दोन प्रकारांतल्या लोकांनीही ध्यानात ठेवावी. एकाच रकमेत कायदेशीर आणि बेकायदा गोष्टी कालवल्या असतील, तर अख्खा करार जातो. वेगवेगळ्या लिहिल्या असतील, तर बेकायदा भाग गळतो आणि उरलेला टिकतो. ब्युरोच्या कागदात 'घरात काहीही गुन्हा घडल्यास पोलिसांत तक्रार करणार नाही' असं कलम दिसलं तर ते शून्य आहे, कारण गुन्ह्याची तक्रार दाबण्याचा सौदा कायदा मानत नाही. अशी कलमं खोडून, खोडलेल्या जागी दोन्ही पक्षांनी सही करावी. 'चालत नाहीच, तर राहू दे' असं म्हणून सोडू नये; कमी शिकलेल्या माणसाला घाबरवायला ती पुरेशी असतात.

'करार मोडलात, दंड भरा' असा फोन आला तर

सोबत देणाऱ्यांना नोकरीचं आमिष दाखवून 'नोंदणी शुल्क' घ्यायचं, किंवा ग्राहकाला आगाऊ पैसे भरायला लावून नंतर 'रद्द केल्याचा दंड' मागायचा, ही सरळ लुबाडणूक आहे. मोबाईलवर पाठवलेली पीडीएफ, तिच्यावरचा गोल शिक्का, खाली बनावट वकिलाचं नाव. याला उत्तर देऊ नका, एक रुपयाही भरू नका. चॅट पुसू नका, यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. पैसे खात्यातून पुढे जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मूळ व्यवहार लाजिरवाणा होता म्हणून तक्रार करता येत नाही, हा समज चूक आहे. फसवणूक (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) आणि खंडणी (कलम ३०८) हे गुन्हे करार वैध होता की नाही यावर अवलंबून नाहीत.

इथून पुढचं सगळं ब्युरो आणि सरळ सोबतीबद्दल, कारण कागद नीट करण्याचा उपयोग तिथेच आहे.

सही कोणाची

सर्वांत जास्त करार इथे कच्चे राहतात. ८२ वर्षांच्या आजोबांना विस्मरणाचा आजार आहे, ब्युरोचा माणूस घरी येतो आणि त्यांचीच सही घेऊन जातो. कलम १२ प्रमाणे करार करताना माणसाला त्याचा अर्थ समजायला हवा आणि आपल्या हिताचा विचार करता यायला हवा. तसं नसेल तर तो करार टिकत नाही, आणि याचा तोटा दोन्ही बाजूंना होतो: ब्युरोला त्या कराराच्या जोरावर थकबाकी मागता येत नाही, घरच्यांना ब्युरोला अटींत बांधता येत नाही.

उपाय सोपा आहे. मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या नावाने करार करावा आणि 'सेवेचे लाभार्थी' म्हणून आईचं वा वडिलांचं नाव लिहावं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये, पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक धरली जाते, त्यामुळे दोघांचेही हक्क शाबूत राहतात. मुलगा परदेशी असेल तर इलेक्ट्रॉनिक करार चालतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १०अ ने त्याला मान्यता आहे. मात्र पुण्यातल्या एका नातेवाइकाचं किंवा शेजाऱ्याचं नाव 'तातडीचा संपर्क व निर्णयाधिकार' म्हणून लिहा. रात्री अडीचला ह्यूस्टनचा फोन लागत नाही.

समोरची सहीही बघा. ब्युरो एकट्या मालकाचा (प्रोप्रायटरी) आहे, भागीदारी आहे की कंपनी? फलकावरचं नाव हे कायदेशीर नाव नसतं. मालकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन किंवा जीएसटी क्रमांक करारात नसेल, तर उद्या नोटीस पाठवायची कोणाला?

कामांची यादी: कराराचा खरा कणा

'वृद्धांची देखभाल व सोबत' एवढंच लिहिलेला करार वाद झाला की निरुपयोगी. दोन रकाने करा, एक 'करायचं' आणि दुसरा 'करायचं नाही'. नमुना असा:

करायचं: सकाळी ८ ते रात्री ८ हजर राहणं, संध्याकाळी ३० मिनिटं फिरायला नेणं, घरच्यांनी आठवड्याची औषधं भरून ठेवलेल्या डबीतून ती वेळेवर देणं व वहीत नोंद करणं, महिन्यातून दोनदा दवाखान्यात बरोबर जाणं, पडल्यास, छातीत दुखल्यास किंवा बोलणं अडखळल्यास आधी १०८ ला आणि मग संपर्क व्यक्तीला फोन करणं.

करायचं नाही: इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, औषधाचा डोस बदलणं, एटीएम कार्ड, पिन, चेकबुक हाताळणं, घरातल्या इतरांचा स्वयंपाक वा धुणंभांडी, कागदपत्रांवर साक्षीदार म्हणून सही.

कामाची हद्द आखणारा खुलासा कोर्टात सर्वांत चांगला टिकतो. 'ही वैद्यकीय सेवा नाही' हे वाक्य वैध आणि उपयोगी आहे, पण प्रत्यक्षात तसं वागलं तरच. ब्युरोने जाहिरातीत 'प्रशिक्षित नर्सिंग' लिहायचं, माणूस इन्सुलिन टोचायचा आणि करारात मात्र 'फक्त सोबत', हे जमत नाही. करारापेक्षा जाहिरात आणि रोजची वही जास्त बोलते.

पैशांची कलमं

महिन्याचा दर, सुट्ट्या, बदली माणूस किती तासांत येईल, न आल्यास किती कापायचे, हे आकड्यांत लिहा. दंडाचं कलम मात्र दोन्ही बाजूंनी जरा जपून वाचा. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. समजा महिना २४,००० रुपये ठरले आणि दहा दिवसांत सेवा बंद केल्यास तीन महिन्यांचे ७२,००० भरायचे, असं लिहिलं आहे. ब्युरोने तेवढं नुकसान झाल्याचं दाखवलं नाही, तर ७२,००० मिळणार नाहीत. डिपॉझिट जप्त करण्यालाही हेच लागू होतं; कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने, नुकसानच नसेल तर जप्तीही नाही, असं स्पष्ट केलं. त्यापेक्षा १५ दिवसांची नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचे पैसे, असं कलम घाला. तेही वाजवीपणाच्या कसोटीवर बसतं आणि भांडण लवकर मिटतं.

'आमच्या माणसाला परस्पर कामावर ठेवायचं नाही' हे ब्युरोचं आवडतं कलम. ते सोबत करणाऱ्या व्यक्तीवर, नोकरी सुटल्यानंतरही लादलं असेल, तर कलम २७ (व्यवसायावरील बंधन) त्याच्या आड येतं. ग्राहकावर ठरावीक मुदतीपुरतं घातलं असेल तर ते टिकू शकतं, म्हणून मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नये आणि रक्कम ब्युरोच्या एका महिन्याच्या कमिशनच्या आसपास ठेवावी.

माणूस यायचा थांबला तर 'त्यालाच पाठवा' असा हुकूम कोर्टाकडून मिळत नाही. विशिष्ट साहाय्य अधिनियमाचं कलम १४ वैयक्तिक गुणांवर अवलंबून असलेल्या करारांची सक्तीने अंमलबजावणी नाकारतं. मिळेल ती भरपाईच.

'जबाबदारी नाही' या ओळीची किंमत

या ओळीचे चार प्रकार असतात आणि चारांचं भवितव्य वेगळं.

'चोरी, इजा, नुकसान काहीही झालं तरी जबाबदारी नाही' हा सगळं नाकारणारा प्रकार सर्वांत दुबळा. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स (नोव्हेंबर २०१९) मध्ये, व्हॅलेला (गाडी नेऊन लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाला) दिलेली गाडी चोरीला गेली होती आणि पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी छापून झटकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ब्युरोने ओळखपत्र न तपासता माणूस पाठवला असेल तर हाच तर्क लागू करता येतो. म्हणून करारात 'ब्युरोने चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र व दोन आधीच्या घरांचे संदर्भ तपासले आहेत' असं वाक्य घाला आणि प्रमाणपत्राची प्रत जोडा. पुढे निष्काळजीपणा सिद्ध करणं सोपं जातं.

'भरपाई अमुक रकमेपर्यंतच' ही मर्यादा मात्र टिकू शकते. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल (१९९६) मध्ये सही केलेल्या कागदावरची अशी मर्यादा न्यायालयाने मान्य केली. त्यामुळे सही करण्यापूर्वी आकडा वाचा आणि घासाघीस तिथेच करा.

'३० दिवसांत तक्रार न केल्यास हक्क संपतील' हे कलम २८ मुळे शून्य. मुदतीचा कायदा देतो तेवढा काळ कराराने कमी करता येत नाही.

'सर्व वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' किंवा 'लवादाकडेच' या अटी ग्राहक आयोगाचा रस्ता अडवत नाहीत. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम असूनही आयोगाकडे जाता येतं, हे एमार एमजीएफ प्रकरणात (२०१८) ठरलं आहे.

स्टॅम्प आणि सह्या

महाराष्ट्रात साध्या करारासाठी ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. पूर्वीचा १०० चा आता पुरत नाही. स्टॅम्प पेपर करारातल्या एखाद्या पक्षाच्या नावानेच घ्या आणि सहा महिन्यांत वापरा. स्टॅम्प कमी असेल तर करार रद्द होत नाही, पण पुरावा म्हणून वाचला जात नाही. तुटीची रक्कम व दरमहा २ टक्के दंड (तुटीच्या चौपटीपर्यंत) भरल्यावर तो दोष निघतो. नोटरीच्या शिक्क्याने फक्त सही कोणी व कधी केली हे पक्कं होतं. शून्य करार त्याने जिवंत होत नाही, मग शिवाजीनगर कोर्टाबाहेर कोणी काहीही सांगो. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, आणि सोबत करणाऱ्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत एक प्रत द्या.

घर, दागिने, भेटी

२४ तास घरात राहणाऱ्या व्यक्तीसाठी 'राहण्याची सोय ही कामाचा भाग असून भाडेकरूचा कोणताही हक्क निर्माण होत नाही' असं लिहा. राखणदार वा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालकी मिळत नाही, हे मारिया मार्गारिडा सिक्वेरा प्रकरणात (२०१२) ठरलेलं आहे, पण लेखी कलमाने वर्षानुवर्षांचा खटला वाचतो.

वृद्ध व्यक्तीने सोबत करणाऱ्याच्या नावे फ्लॅट किंवा मोठी रक्कम केली, तर कलम १६ चा प्रश्न उभा राहतो. वय, आजारपण यांमुळे मन दुर्बळ झालेल्या माणसावर दुसऱ्याचं वर्चस्व असेल आणि व्यवहार वरकरणीच अन्यायकारक दिसत असेल, तर दबाव नव्हता हे घेणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. मनापासून काही द्यायचंच असेल, तर डॉक्टरांचं त्याच दिवसाचं प्रमाणपत्र, स्वतंत्र वकिलाचा सल्ला आणि तटस्थ साक्षीदार ठेवावेत. 'आयुष्यभर सांभाळेन' या बोलीवर घर देत असाल तर ती अट बक्षीसपत्रातच लिहा. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून घेता येतो.

दुसरी बाजूही करारात हवी. घरात कॅमेरे असतील तर ते कुठे आहेत हे लिहा; कपडे बदलण्याच्या वा झोपण्याच्या जागी लावलेला कॅमेरा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतो. खासगी घरही लैंगिक छळविरोधी कायद्यात 'कामाचं ठिकाण' आहे. सोबत करणारी महिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करू शकते, करारात काहीही लिहिलेलं असो.

बिनसलंच तर

पुरावा आधी गोळा करा: करार, पावत्या, हजेरीची वही, चॅट. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका आणि फॉरमॅट करू नका. नंतर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: काय ठरलं, काय झालं नाही, किती रक्कम, १५ दिवसांची मुदत. पोहोच जपून ठेवा.

पुढचा रस्ता माणूस कसा आला यावर ठरतो. ब्युरोकडून सेवा घेतली असेल तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग: ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणं, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन. विरुद्ध पक्षाला उत्तराला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. फक्त करारातली अन्यायकारक कलमंच रद्द करून हवी असतील, तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. डिपॉझिटसारख्या किरकोळ रकमा तिथेच सुटण्याचा संभव असतो.

व्यक्ती थेट नेमली असेल, तुमच्याच सांगण्यानुसार रोज काम करत असेल, तर तो 'व्यक्तिगत सेवेचा करार' होतो आणि ग्राहक कायद्यातून बाहेर पडतो. मग दिवाणी न्यायालय, तीन वर्षांची मुदत. पगार थकलेल्या सोबतिणीलाही हाच दरवाजा आहे, आणि तिला वकिलाची फी भरायची गरज नाही: विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करावा किंवा पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा. हजेरीच्या वहीची झेरॉक्स बरोबर न्यावी.